पाकिटावरची चिठ्ठी

बीड म्हटलं की दुष्काळ आणि ऊसतोड आठवते. इथल्या मॉस आणि लिव्हरवर्टवर शोधनिबंध लिहायचा म्हटलं, तर लोक चमकून बघतात. त्यांनी श्रावणात सौताड्याला यावं, विंचरणा नदीच्या धबधब्याखाली रामेश्वराच्या दरीत उतरावं आणि ओल्या कातळावर हात ठेवून पाहावा. बांधावरच्या ओल्या मातीत गुडघे टेकून रिक्सिया ही लिव्हरवर्ट शोधावी. नाण्याएवढी, दुभंगत जाणारी हिरवी चकती. पाऊस सरला की तिच्या कडा आत वळतात आणि ती मातीत हरवते.

तरुण अभ्यासकांना कळकळीने सांगतो: निबंध संगणकावर नाही, पाकिटावर सुरू होतो. नमुना कागदी पाकिटात घालून सावलीत वाळवा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. चिठ्ठीवर गाव, उंची, तारीख, आणि तो दगडावर होता की सालीवर की मातीवर, हे तिथेच लिहा. नुसतं ‘बीड जिल्हा’ लिहिलेलं पाकीट माझ्या लेखी वाया गेलं. रिक्सियाची जात बीजाणूंच्या नक्षीवरून ठरते, म्हणून पक्व बीजाणू मिळेपर्यंत थांबा. छायाचित्रावर मोजपट्टी हवीच.

निबंध पाठवण्याआधी नमुना हर्बेरियममध्ये जमा करून त्याचा क्रमांक घ्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र पुण्यातच आहे. नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्येच हवं, ही अट 2012 पासून उरलेली नाही, इंग्रजी चालतं.

दरी अजून ओली आहे. भिंग घ्या आणि निघा.