नावातलं आरोग्य कामात परत आणा: नीरीच्या संचालकांस खुले पत्र

मा. संचालक,
राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी), नागपूर



१९५८ साली आपली संस्था नागपुरात सुरू झाली, तेव्हा तिचं नाव होतं केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था. १९७४ मध्ये नाव बदललं आणि त्यातला 'आरोग्य' हा शब्द गेला. त्या शब्दासाठीच हे पत्र.

दमा असलेलं पोर हिवाळ्यात पहाटे उठून बसतं. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जातो, छाती सूं-सूं वाजते. आई नेब्युलायझरचा मास्क त्याच्या तोंडाशी धरून बसते. सकाळी डॉक्टर कागदावर 'दमा' लिहितात. त्या रात्रीची हवा कशी होती, हे त्या कागदावर नसतं.

शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक केंद्रं मिळून तीन हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेची आहेत. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या राखेचा खसाळ्याचा बंधारा फुटला, तेव्हा राख सगळ्यांना दिसली. दिसणारी राख फडक्याने पुसता तरी येते. अडीच मायक्रॉनहून बारीक कण मात्र नाकात अडत नाहीत, घशात अडत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत उतरतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तात मिसळतात. दमा बळावतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक ठरवलं आहे.

कोळशातलं गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. तो रोखण्याचे निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले, मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना सूट मिळाली. परिसरातल्या हवेत हा वायू मर्यादेत आहे, असं त्यासाठी सांगितलं गेलं. पण वाऱ्याबरोबर जाता जाता याच वायूचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात, हे आपल्या शास्त्रज्ञांना आम्ही सांगायला नको. शिवाय अडीच मायक्रॉनहून बारीक कणांची आपल्या देशातली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची फक्त ५. मर्यादेतली हवा म्हणजे निर्धोक हवा नव्हे.

म्हणून मागणी एकच. मेडिकल, मेयो आणि एम्स या नागपूरच्या रुग्णालयांना सोबत घ्या. खसाळा, वारेगाव, कोराडी आणि शहरातल्या शाळांमधल्या मुलांच्या फुप्फुसांची क्षमता पाच वर्षं, दर वर्षी तपासा. ओपीडीतल्या दम्याच्या नोंदी आणि त्या त्या दिवसाची हवा शेजारी शेजारी मांडा. निष्कर्ष मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

चिमणीतून काय निघतं, ते मोजणारी यंत्रणा देशात आहे. मुलांच्या छातीत काय जातं, ते आता आपण मोजा.

आपला,
एक नागपूरकर