सहीची किंमत

'कागदी घोडे नाचविणे' हा वाक्प्रचार आपल्याकडे कुचेष्टेनेच वापरला जातो. हाताने काम करील तो खरा, नोंद ठेवील तो केवळ कारकून, अशी आपली समजूत असते. नोंदवह्या आणि सह्या यांतच ज्यांचे आयुष्य जाते त्या शिक्षकांना आणि कारकुनांनाही ती मनातून पटलेली असते. ही समजूत किती महाग पडते हे पाहावयाचे असेल, तर विमानांच्या दुरुस्तीचा इतिहास चाळावा.

११ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेतील कॉन्टिनेन्टल एक्स्प्रेस कंपनीचे एक छोटे विमान टेक्सास राज्यात ईगल लेकजवळ आकाशातच मोडले आणि त्यातील सर्व १४ माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या रात्री ह्यूस्टनच्या हँगरमध्ये या विमानाच्या शेपटीवरील आडव्या पंखाचे, बर्फ साचू न देणारे रबरी आवरण बदलण्याचे काम चालू होते. त्यासाठी दोन्ही बाजूंचे वरचे स्क्रू काढण्यात आले. उजवीकडचे आवरण बदलून झाले. डावीकडचे काम राहून गेले. तेथील ४७ स्क्रू मात्र निघालेले होते. मध्यंतरी पाळी बदलली. स्क्रू काढण्यास मदत करणाऱ्या तपासनिसाने हस्तांतराच्या कागदावर त्रोटक नोंद केली खरी. परंतु पुढच्या पाळीचा तपासनीस त्यापूर्वीच तो कागद वाचून गेला होता. कामाच्या कार्डावर तर नोंद नव्हतीच. शेपटी उंच, त्यामुळे खालून काही दिसण्याजोगे नव्हते. सकाळी विमान प्रवाशांसाठी सोडण्यात आले.

येथे कोणाचे कौशल्य कमी पडले? स्क्रू काढणाऱ्याला ते बसविताही येत होते. हरवली ती माहिती. एका माणसाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात जाताना हरवली. ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीची थोरवी सांगितली: दहा माणसे काम वाटून घेऊन दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. हे उदाहरण आम्ही वर्गात दरवर्षी शिकवितो. परंतु स्मिथची दहा माणसे एकाच छपराखाली एकमेकांच्या नजरेसमोर होती. जेथे संध्याकाळचा कामगार रात्रीच्या कामगाराला ओझरता भेटतो, तेथे अर्धवट काम पुढे नेणारी वस्तू एकच, आणि ती म्हणजे नोंद. म्हणून नोंद हा कामाचाच भाग आहे. स्क्रू काढला पण लिहिला नाही, तर ते काम निम्मेच झाले म्हणावयाचे.

न लिहिण्यापेक्षाही घातक असते ते खोटे लिहिणे. ११ मे १९९६ रोजी मायामीहून निघालेले व्हॅल्यूजेट कंपनीचे विमान फ्लॉरिडाच्या दलदलीत कोसळले आणि ११० जण दगावले. विमानांतून काढलेल्या, मुदत संपलेल्या प्राणवायूच्या डब्यांवर सुरक्षा-टोपणे बसविणे आवश्यक होते. टोपणे उपलब्धच नव्हती; तरीही ती बसविल्याबद्दल कामाच्या कार्डावर सह्या झाल्या. पुढे मालाच्या कागदावर हेच डबे 'रिकामे' म्हणून लिहिले गेले आणि विमानाच्या पोटात चढले. ते रिकामे नव्हते. त्यांनीच आग लावली. कोरी जागा निदान प्रश्न तरी विचारते. खोटी सही पुढच्या माणसाचा प्रश्नच बंद करते.

मग सही करणारा मेकॅनिक एवढाच दोषी का? जमिनीवर उभे असलेले विमान कंपनीला एक पैसाही मिळवून देत नाही. नोंदीसाठी दिलेली वीस मिनिटे हिशेबात खर्च म्हणून लगेच दिसतात. त्यांनी वाचविलेले प्राण कोणत्याही ताळेबंदात दिसत नाहीत. शिवाय वाचविलेल्या मिनिटांचा लाभ कंपनीचा आणि धोका मात्र प्रवाशाचा. त्याला या सौद्याची गंधवार्ताही नसते. ईगल लेकच्या चौकशीत मंडळाच्या बहुमताने प्रमुख ठपका कर्मचाऱ्यांवर ठेवला आणि व्यवस्थापनाच्या उणिवेला दुय्यम कारण मानले. जॉन लॉबर या सदस्याने मात्र भिन्नमत नोंदविले: नियम पाळण्याची संस्कृती व्यवस्थापनाने रुजविली नाही, हेच अपघाताच्या मुळाशी आहे. मला हे भिन्नमत अधिक न्याय्य वाटते. जेथे घाईला शाबासकी मिळते आणि थांबणाऱ्याला बोल लागतो, तेथे कार्डे कोरीच राहणार.

कोणी म्हणेल, कागद वाढविले की सह्या यांत्रिक होतात. हा आक्षेप खरा आहे. दिवसाला शंभर सह्या करणारा माणूस शंभर गोष्टी पाहत नसतो. परंतु त्यावरचा उपाय निरुपयोगी कागद कमी करणे हा आहे, उरलेल्यांसाठीचा वेळ कापणे हा नव्हे. दोन पाळ्यांत काही वेळ सामाईक असावा, त्याचे वेतन मिळावे आणि 'हे काम झालेले नाही' असे लिहिणाऱ्याला संरक्षण असावे. एवढा खर्च तिकिटाच्या किमतीत धरणे कोणत्याही कंपनीला अशक्य नाही.

ही कथा जुनी झाली असे मानण्याचे कारण नाही. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या नव्या कोऱ्या बोइंग विमानाचा, दाराच्या जागी बसविलेला एक भाग उड्डाणानंतर काही मिनिटांतच उखडून गेला. कारखान्यात रिव्हेटच्या दुरुस्तीसाठी तो उघडला होता. पुन्हा बसविताना चार बोल्ट राहिले. तो उघडल्याची नोंद चौकशीत सापडली नाही. विमानातील १७७ जण वाचले. ईगल लेकनंतर ३२ वर्षे लोटली होती.

आमच्या महाविद्यालयात तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दुसऱ्याच्या हवाली करताना आम्ही न मोजता सही करतो आणि विश्वासाने केली असे म्हणतो. या घटना वाचल्यापासून मी गठ्ठा मोजू लागलो आहे. सहकारी हसतात, पाच मिनिटे जातात. एकदा मात्र दोन उत्तरपत्रिका कमी भरल्या होत्या.