विकतचीच ना?

आमच्या घरी ओव्हन नाही. पण बँकेतल्या आमच्या नवापूरच्या सहकाऱ्याकडून नाताळात ताट येतं, आणि ताट रिकामं परत करायची आपल्याकडे रीत नाही. म्हणून कन्येनं मारी बिस्किटं आणली. पिठीसाखरेत थेंबथेंब दूध घालून घट्ट कालवलं (पातळ झालं की चांदणीचा ढग होतो!), धुतलेल्या दुधाच्या पिशवीचा कोपरा कापला आणि चांदण्या काढल्या. वर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावल्या. ‘‘विकतचीच ना?’’ पोरीचा हात तिथंच थांबला.

काकू, माझा जाहीर निषेध! दिवाळीत नानकटाईचं पीठ डब्यात घालून तुम्ही बेकरीपुढं रांग लावता. भाजतो भट्टीवाला, आणि नानकटाई मात्र ‘घरची’! ती मुळात आपल्या शेजारच्या सुरतेत, डचांच्या भट्टीतून निघाली म्हणतात. तेव्हा घर नक्की कुणाचं, ते आधी ठरवा. मी दिवसभर मोजतो त्या नोटा काही मी छापलेल्या नसतात. पण घरच्या नाहीत म्हणून तुम्ही त्या काउंटरवर परत केल्याचं मला आठवत नाही.

ताट गेलं. सहकाऱ्याच्या धाकट्यानं आधी चांदणी चाटली. खालचं मारी तसंच ठेवलं, हे मात्र काकूंना सांगितलेलं नाही.