प्रसूतिकक्षातील हातचलित टेबल

२०१७ पासून अमलात असलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानुसार प्रसूतिकक्षांची सुधारणा होत असता, मेळघाट, धडगाव, भामरागड यांसारख्या दुर्गम मुलखातील आरोग्य केंद्रांतून हातचलित प्रसूती-टेबले केवळ जुनी म्हणून मोडीत काढली जाऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रसूतीनंतर अतिरक्तस्रावाने माता निस्तेज होऊ लागते आणि तिचे पाय तत्काळ उंचावणे आवश्यक ठरते, अशा निकराच्या क्षणी, पावसाळी रात्री वीज गेलेली असतानाही, हाताने फिरवायचा दांडा परिचारिकेला विनाविलंब साथ देतो. उलट बॅटरी उतरलेले विजेचे टेबल जागच्या जागी अचल होऊन बसते. तथापि गंजलेला स्क्रू, निकामी झालेले चाकांचे ब्रेक आणि सैल पायआधार असलेले हातचलित टेबलही तितकेच घातक होय, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे.

म्हणून शासनाने प्रत्येक केंद्रात निदान एक हातचलित टेबल सुस्थितीत ठेवण्याचा हुकूम काढावा, दुरुस्तीसाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि पावसाळ्यापूर्वी तपासणी करून तिची दप्तरी नोंद ठेवण्याची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर सोपवावी. या कामी दिरंगाई झाल्यास तिची किंमत मातांना प्राणांनी मोजावी लागेल.