जुन्या मोटारसायकलचा घसारा

पहाटे कोल्हापूर किंवा सांगली शहरात शिरणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर घटकाभर उभे राहावे. येताना दूध आणि परतताना पेंडीचे पोते वाहणाऱ्या मोटारसायकली एकामागून एक जाताना दिसतील. त्यांतील कित्येक गाड्यांनी वयाची पंधरा वर्षे केव्हाच ओलांडली आहेत. १९८५ साली हीरो होंडाची ‘सीडी १००’ बाजारात आली आणि पेट्रोल बेताने पिणारे, चार स्ट्रोकचे छोटे इंजिन हळूहळू खेड्यापर्यंत पोचले. त्या दोन कंपन्यांची भागीदारी मोडूनही आता दशकाहून अधिक काळ लोटला. त्या घराण्यातील गाड्या मात्र अजून रतीब पोचवीत आहेत.

अशा जुन्या गाडीकडे आपण दोनच दृष्टींनी पाहतो. हौशी माणसाच्या कौतुकाची वस्तू ही एक, आणि भंगारात जाण्यास उशीर झालेली अडगळ ही दुसरी. ती एका कुटुंबाचे उत्पादक भांडवल आहे, ही तिसरी दृष्टी फारशी कोणाच्या हिशेबात नाही. कारखानदार आपल्या यंत्राचा घसारा दरवर्षी वहीत मांडतो आणि प्राप्तिकरात त्याची वजावटही मिळवतो. गवळ्याच्या गाडीचा घसारा कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. एके दिवशी भर रस्त्यात साखळी तुटली किंवा उतारावर ब्रेक लागला नाही, म्हणजेच तो कळतो.

वस्तुतः हा घसारा रोखण्याची साधने अगदी साधी आहेत. दररोज ४० किलोमीटर धावणारी गाडी वर्षाकाठी साडेचौदा हजार किलोमीटर अंतर कापते. दर तीन हजार किलोमीटरला इंजिनाचे ऑईल बदलायचे म्हटले, तरी वर्षातून पाच वेळा, प्रत्येक खेपेस सुमारे एक लिटर तेल लागते. त्याखेरीज साखळीला तेल आणि योग्य ताण, टायरमधील हवा, ब्रेकचे लायनर, क्लच व ब्रेकच्या केबली, एअर फिल्टर आणि प्लग यांची नियमित देखभाल हवी. अलीकडे यात आणखी एका कामाची भर पडली आहे. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जात आहे. जुन्या वाहनांतील काही रबरी भाग व गॅस्केट दीर्घ वापरानंतर बदलावे लागतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही त्या वर्षी मान्य केले. तेव्हा पेट्रोलची नळी आणि कार्बुरेटर यांच्याकडे अधूनमधून लक्ष देणे आता क्रमप्राप्त आहे. यांतील एकही काम एकदम फार मोठ्या खर्चाचे नाही. परंतु नेमका हाच खर्च सर्वांत आधी पुढे ढकलला जातो, कारण आज तो टाळला तरी आज काहीच बिघडत नाही.

याउलट गाडीवरचा बोजा मात्र वाढतच जातो. मूळ गाडीला असतो तो एक लहानसा कॅरिअर. गावातील वेल्डिंगवाला त्याला लोखंडी सांगाडा जोडून देतो, त्याच्या दोन्ही अंगांना कॅन अडकवले जातात आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी उरलेले सामान आवळले जाते. या कारागिराच्या कल्पकतेचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण वजनाचे गणित कल्पकतेने बदलत नाही. चाळीस लिटरच्या दोन कॅनांतील दुधाचेच वजन ८२ किलो भरते. त्यात कॅन, सांगाडा आणि चालक मिळवला, की १०० सीसीच्या गाडीची, साधारणपणे दोन माणसांइतकी असलेली वहनक्षमता सहज ओलांडली जाते. मागच्या चाकाचे आरे, शॉकअबसॉर्बर आणि साखळी यांवर जादा ताण पडतो. ओझे मागच्या चाकाच्याही मागे सरकले, तर पुढचे चाक हलके होऊन हँडलवरची पकड सुटते. देखभाल कमी आणि ओझे अधिक, या विषम गणिताची किंमत अखेरीस माणसाला चुकवावी लागते.

या बाबतीत कायद्याची भूमिका काय आहे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढते. दुचाकीच्या या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले. वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास याच कायद्याच्या ५२ व्या कलमाने मज्जाव केला आहे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०२० मध्ये मोटारसायकलवरील सामानाच्या पेटीची मापे ठरवून दिली: लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटर. पेटी मागच्या आसनावर बसवली, तर चालकाखेरीज दुसऱ्याने बसू नये, असेही सांगितले. हे पाऊल स्तुत्य आहे. परंतु ती मापे मागे बसवायच्या एका पेटीची आहेत. दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या कॅनांचा विचार त्यांत नाही. परिणामी, वय वाढले म्हणून शुल्क वाढते, आणि धोका ज्या सांगाड्यात आहे तो मात्र नियमाबाहेरच राहतो.

जुन्या गाड्या अधिक धूर सोडतात, हा आक्षेप खोटा नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या कसोटीला त्या उतरणार नाहीत. पण बिघडलेला कार्बुरेटर आणि तुंबलेला फिल्टर यांमुळे होणारे प्रदूषण देखभालीने निश्चितच घटते. शिवाय नवी गाडी घ्या, असे सांगणे सोपे असले, तरी तिच्या हप्त्याची तजवीज दुधाच्या बिलातूनच करावी लागते. गाडी किती वर्षांची, यापेक्षा ती कोणत्या स्थितीत आहे, हा प्रश्न म्हणूनच अधिक न्याय्य ठरतो.

उपाय फार खर्चिक नाहीत. दूध संस्थांनी सभासदाच्या संमतीने दर बिलातून अल्पशी रक्कम देखभाल निधी म्हणून बाजूला काढावी आणि ती केवळ टायर, ब्रेक व साखळी यांसाठीच द्यावी. पतसंस्थांनी नव्या गाडीप्रमाणेच इंजिनाच्या दुरुस्तीलाही लहान कर्ज द्यावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डर आणि मेकॅनिक तयार होतात. कॅन खाली व मागच्या चाकाच्या पुढे राहतील असा सुरक्षित सांगाडा आखण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे आणि परिवहन खात्याने त्या नमुन्याला वजनाच्या मर्यादेसह मान्यता द्यावी. मग गल्लीतील वेल्डिंगवाला कायद्याचा गुन्हेगार न राहता त्याचा सहकारी होईल.

भांडवलाची चणचण असलेल्या देशाने आहे ते भांडवल जपणे, हीच पहिली बचत होय. ती बचत गवळ्याच्या दारात उभी आहे. तिला वेळेवर एक लिटर तेल आणि झेपेल एवढेच ओझे मिळावे, एवढीच तिची मागणी आहे.