अंगणातील कारखाना

धाकट्या बंधूंच्या पिकअप गाडीचा मागील बंपर घरीच बदलण्याचा घाट आम्ही गेल्या रविवारी घातला. बेळगावच्या पावसात वर्षानुवर्षे भिजलेले बोल्ट ते! आदल्या रात्री त्यांवर गंज सोडविणारे तेल घातले, म्हणून सकाळी पान्यास दाद तरी दिली. चाकांना दगड लावले, बॅटरीची ऋण बाजूची तार सोडविली, नंबरप्लेटच्या दिव्याची जोडणी अलग केली. इथवर सारे यथासांग.

पुढे घाई नडली. बंपरखाली लाकडी ठोकळे न देताच आम्ही डावीकडचा शेवटचा बोल्ट काढला. ते टोक धाडकन खाली आले आणि शेजारी बसलेल्या पुतण्याची बोटे थोडक्यात वाचली. तो हसला; आम्हांस मात्र घटकाभर पाना हाती धरवेना. शाळेत ‘घाई करू नका’ म्हणून मुलांना बजावणारे ते आम्हीच!

नवा बंपर ठोकळ्यांवर टेकवूनच चढविला. सर्व बोल्ट प्रथम हातानेच बसविले. एक जरी आधी आवळला, तरी दुसऱ्या बाजूची भोके जुळत नाहीत. दोन्हीकडचे अंतर दोरीने ताडून पाहिले, मगच पाना फिरविला. तार जोडताच दिवा लागला.

भावजयीने चहा आणला, तेव्हा पुतण्या तिला आपली दहाही बोटे पसरून दाखवीत होता.