हाडाला तडा, भिंतीला तडा

गेल्या श्रावणात अव्वा परसात घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर धारवाडचं, वय ७८. त्याच आठवड्यात आमच्या नव्या खोलीच्या भिंतीला तडा गेला. शेजारणी म्हणाल्या, कॅल्शियम कमी पडलं. गवंडी म्हणाला, सिमेंट कमी पडलं.

अव्वांच्या तोंडी 'गट्टि' हा शब्द सारखा असतो. नारळ गट्टि, दार गट्टि, शेजारची आजीही अजून गट्टि. मराठीत मात्र मी दोन शब्द वेगळे ठेवते, कठीण आणि चिवट. खडू कठीण असतो, पण टिचकीसरशी मोडतो. चामडं मऊ असतं, तरी तुटत नाही. हाडाची गंमत अशी की ते दोन्ही असतं.

मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी कोंबडीचं हाड व्हिनेगरमध्ये ठेवलं होतं. आमच्या शाकाहारी घरात, अव्वांना न सांगता, गच्चीवर! काही दिवसांनी ते रबरासारखं वाकू लागलं. व्हिनेगरमध्ये हाडातलं खनिज विरघळतं आणि कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे तेवढे उरतात. हाडाच्या वजनात सुमारे दोन-तृतीयांश खनिज असतं. पण नुसतं खनिज असतं, तर हाड खडूसारखंच मोडलं असतं.

खरी करामत रचनेत आहे. हाडाच्या टणक भागात बारीक नळ्या उभ्या रचलेल्या असतात. क्लॉप्टन हॅवर्स या इंग्रज वैद्याने १६९१ मध्ये त्यांचं वर्णन केलं. प्रत्येक नळीभोवती एक पातळ सीमारेषा असते, तिला शास्त्रज्ञ चक्क 'सिमेंट लाइन' म्हणतात. आडवा तडा त्या रेषेपाशी आला की सरळ पुढे जात नाही, वळतो, रेंगाळतो, आणि त्यातच त्याचा जोर खर्ची पडतो. यातल्या बहुतेक नळ्या म्हणजे शरीराने केलेली डागडुजी असते. रोजच्या वापराने जुनं झालेलं हाड पेशी पोखरून काढतात आणि तिथे नवं भरतात. म्हणजे जिथे सांधलं, तिथलीच रेघ पुढचा तडा अडवते. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. उतारवयात मात्र पोखरणं जास्त आणि भरणं कमी होतं.

अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात रेझा मोइनी आणि शशांक गुप्ता यांनी हीच रचना सिमेंटमध्ये उतरवली. त्यांचं काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी सिमेंटच्या तुकड्यांत पोकळ नळ्या ठेवल्या. पोकळी ठेवली तर सिमेंट दुबळं होईल, असंच कुणालाही वाटेल. पण तडा नळीपाशी येऊन अडकतो, पुन्हा जोर करून पुढच्या नळीपर्यंत जातो, तिथे पुन्हा अडकतो. एका झटक्यात दोन तुकडे होत नाहीत. साध्या सिमेंटपेक्षा हे ५.६ पट चिवट निघालं, आणि तेही धागे किंवा प्लॅस्टिक न मिसळता. ही गोष्ट प्रयोगशाळेतल्या तुकड्यांची आहे, आपल्या स्लॅबची नव्हे. पण 'सिमेंट वाढवा' हे एकच उत्तर नसतं, एवढं तरी मला कळलं.

अव्वांना हे सगळं निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये सांगितलं. प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मग त्या गवंड्याला सांग की, भिंतीला भोकं पाड म्हणून!"

मी घाईघाईने सांगितलं, "नको हो अव्वा, नळीचा आकार आणि जागा मोजूनमापून ठरवावी लागते. तो कुठेही पाडेल."

दीड महिन्याने प्लॅस्टर निघालं. हात अजून पूर्ण वळत नाही. भाकरी थापताना अव्वा डावा हात जास्त वापरतात, आणि मी परातीला हात लावला तर रागावतात. परसात आता खडबडीत फरशी घातली आहे. भिंतीच्या तड्यावर मुलाने पेन्सिलीने तारीख घातली आहे, तो वाढतोय का ते बघायला. गवंडी सोमवारी येतो म्हणालाय.